सोनं खरं, नाणं खोटं

4,200 युरो. रोख. फ्रँकफर्ट स्टेशनजवळच्या कॅफेत स्वतःच्या हातांनी मोजून दिले. लिहायला लाज वाटते, पण लिहितोय.

नाणं वाल्डेक-पिर्मोंटचं, 20 मार्क, 1903. आपल्याकडच्या जत-औंधसारखं जर्मन साम्राज्यातलं चिमुकलं संस्थान. पाडलीच होती फक्त 2,000 नाणी. मी नवखा नाही हो, साताऱ्यात शाळेत होतो तेव्हापासून शिवराई गोळा करतोय. म्हणून तर जास्त झोंबतंय.

विकणारा सत्तरीचा, सभ्य. आजोबांची पेटी वगैरे कथा तुम्हाला पाठच असेल. तराजू त्यानेच काढला. 7.96 ग्रॅम. व्यास 22.5 मिलिमीटर. जवळच्या सोनाराने कस लावला, हजारात 900 भाग सोनं. सगळं चोख! (विकणारा स्वतःहून तराजू काढतो तेव्हा खोट वजनात नसतेच. दुसरीकडे बघा.)

आणि मी बघितलं होतं! कडेवरून नख फिरवलं. ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) ही अक्षरं खोल कोरलेली लागायला हवीत. लागली वापरलेल्या साबणासारखी. मीच मनाला समजावलं, झिजलं असेल. अरे, चेहऱ्यावर ओरखडा नाही आणि कड तेवढी झिजली? त्या क्षणी उठायला हवं होतं. पण हाव.

जाणकाराने 60 युरो घेऊन दोन मिनिटांत सांगितलं: सोनं पूर्ण, साचा नवा. राजाच्या मानेवर बारीक फुगवटे होते, तीच खूण. किंमत संस्थानाच्या नावाला असते, म्हणून ठक सोन्यात काटकसर करतच नाहीत. तेव्हा मोडीत 490 युरो. म्हणजे 3,710 गेले, वर तपासणीचे 60.

पोलिसांचं ऐका. ‘सोनं खरं आहे ना? मग फसवणूक कसली?’ खोट्या पैशांचं कलम लावा म्हटलं, तर मार्क चलनात नाही म्हणून लागत नाही. दुसऱ्या खिडकीवर म्हणे, हे दिवाणी प्रकरण, वकील करा. वकील कुणावर करू? नाव खोटं, फोन बंद! अकरा आठवड्यांनी सरकारी वकिलाच्या कार्यालयातून पत्र आलं: आरोपी सापडत नाही, तपास बंद. शोधला कधी होता? कॅफेत कॅमेरा आहे हे मी तीनदा सांगितलं होतं.

रोख देऊ नका, बँकेतूनच द्या. लिलावाच्या कॅटलॉगमधल्या फोटोशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. जाणकाराकडे चल म्हटल्यावर जो गाडी चुकेल असं निमित्त सांगतो, त्याला जाऊ द्या.

गेल्या आठवड्यात खरेदी-विक्रीच्या ॲपवर पुन्हा वाल्डेक, 1903. आता 3,900. फोटोत माझ्या नाण्याच्या फोटोतला तोच हिरवा टेबलक्लॉथ. मी तक्रार केली. उत्तर आलं, ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ जाहिरात अजून आहे.