कंबरेचा चपटा फर्स्ट एड पाउच, पाच महिने वापरल्यावर

पहिलेच सांगतो, ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण हाच पाउच ऑनलाइन चार-पाच नावांनी मिळतो, लेबल तेवढं वेगळं, बाकी शिलाई, इलॅस्टिक सगळं एकच. मी घेतला तो काळा, आडवा, १,४५० रुपयांना. ८ इंच लांब, ४ इंच उंच, आणि पूर्ण भरल्यावर अडीच इंच जाड. जाडी मी पट्टी लावून मोजलीये, कारण जाहिरातीत 'स्लिम' लिहिलेलं असतं आणि घरी येतो तो तक्क्या.

आधी माझ्याकडे उभा मोठा पाउच होता, समोर लाल प्लस, आत अख्खं मेडिकल. तो बेल्टला लावला की चालताना मांडीवर धपधप आपटायचा, आणि पाटणादेवीकडून पितळखोऱ्याला चढताना प्रत्येक काटेरी जाळीला त्याचंच प्रेम. वाटेत भेटलेल्या एका बाबांनी तर विचारलंच, "हाऊ जेवाना डबा शे का भो?" झालं, तेव्हापासून जळगावच्या आमच्या ग्रुपात माझं नाव डबेवाला.

आता कोणी म्हणेल की फर्स्ट एड बॅगेत असतंच ना, कंबरेला कशाला? तर बॅग आपण काढतो म्हणून. पाण्याजवळ उतरताना, जेवताना, फोटो काढताना बॅग वर कुठेतरी झाडाखाली पडलेली असते आणि माणूस पडतो तो खाली दगडात. बेल्ट मात्र अंगावरच राहतो.

माझा बेल्ट टॅक्टिकल टाइपचा आहे, गादीवाला, बाहेरून मोलीच्या दोन रांगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मोली म्हणजे बॅगा-जॅकेटांवर त्या आडव्या पट्ट्या शिवलेल्या दिसतात ना, ते. अमेरिकन सैन्याने नव्वदच्या दशकात काढलेली पद्धत, पट्टी १ इंच रुंद, दोन पट्ट्यांमध्ये १ इंच जागा, आणि दर दीड इंचाला टाका. माप ठरलेलं असल्यामुळे कुठलाही पाउच कुठल्याही गिअरवर बसतो, असं म्हणतात. स्वस्त मालात टाके पुढेमागे असतात, माझ्या बेल्टवर एक खण इतका अरुंद निघाला की पट्टा घालायला पेचकसाची मदत घ्यावी लागली.

लावताना मी जी चूक केली ती बहुतेक सगळेच करतात. पाउचच्या मागचा पट्टा बेल्टच्या दोन्ही पट्ट्यांमधून सरळ खाली ओवला, बटण लावलं, विषय संपला. तसा पाउच पडत नाही, पण लोंबतो, पळालं की डुलतो. खरं तर विणायचं असतं, खाटेची नवार विणतो तसं. पट्टा आधी बेल्टच्या वरच्या पट्टीखालून, मग पाउचच्या स्वतःच्या पाठीवर जी पट्टी असते तिच्याखालून, मग परत बेल्टच्या खालच्या पट्टीखालून, आणि शेवटी बटण. दोन्ही पट्टे असे विणले की पाउच आणि बेल्ट एकजीव होतात, हाताने हलवून बघितलं तर अख्खा बेल्ट हलतो. नवीन पट्टे कडक असतात, पंधरा मिनिटं नखं दुखतात, पण अर्ध्यावर सोडू नका.

दुसरा घोळ जागेचा. फोटोत सगळ्यांनी मधोमध पाठीवर, कंबरेच्या खळगीत लावलेला असतो, मीपण लावला. दिसायला भारी, समोरून कळतही नाही. पण बाइकवर जळगाव ते पाल जाईपर्यंत मणक्याने शिव्या दिल्या, आणि वरून ट्रेकिंग बॅगेचा कंबरपट्टा बरोबर त्याच्यावर येतो, म्हणजे बॅग काढल्याशिवाय पाउचातलं सामान निघत नाही. मग ज्यासाठी घेतला तेच गेलं. मग उजव्या कुशीला लावला, तिथे उजवा हात मस्त पोचतो, डावा काही केल्या पोचेना. उजवा हातच मोडला तर? शेवटी डावीकडे, खिशाच्या थोडं मागे, बॅगेच्या पट्ट्याच्या खालच्या अंगाला आणला. इथे डावा हात सहज जातो, उजवा पोटावरून वळवला की सामान बाहेर ओढायचा टॅब सापडतो, आणि गाडीवर बसलं की टोचत नाही. घरी बॅग पाठीवर घालून, डोळे मिटून, एकेका हाताने सामान काढून बघितलं. आधी २० सेकंद लागायचे, आता ६-७. बायको म्हणे, कोणाशी लढाई आहे?

पाउचची खरी मजा आतल्या बाजूला आहे. बाहेर नुसती म्यान, आत एक सरकती पट्टी, तिला सगळं सामान इलॅस्टिकने बांधलेलं, आणि दोन्ही टोकांना लाल टॅब. डावीकडून ओढा नाहीतर उजवीकडून, पूर्ण पट्टी हातात येते, जखमी माणसाशेजारी जमिनीवर उलगडायची. झिपवाल्या पाउचपेक्षा हे मला हजार पटीने बरं वाटलं, रक्ताने, घामाने ओल्या बोटांनी झिप ओढून बघा एकदा. फक्त एक, म्यान नवीन असताना इतकी घट्ट होती की ओढताना बेल्टच वर यायचा. आठवडाभर रोज दहा वेळा काढ-घाल केल्यावर सैल पडली.

चपटा घेतला म्हणजे मन मारावं लागतं हेही खरं. माझ्यात बसतं ते असं, ४ इंची प्रेशर बँडेज एक, दाबून पॅक केलेलं गॉझ दोन, नायट्राइल हातमोजे, छोटी ट्रॉमा कात्री, चिकटपट्टी, मार्कर. टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायावर दांडीने पिळून आवळायचा पट्टा, आत ठेवत नाही, ते पाउचच्या बाहेर रबरबँडने लावलंय, कारण धो-धो रक्त असेल तर पहिलं तेच लागतं. गोळ्या, ओआरएस, बँडएड, बाम वगैरे किरकोळ संसार बॅगेत गेला. आधी मला हे पटत नव्हतं, पण डोकेदुखीची गोळी बॅगेतून काढायला पाच मिनिटं लागली तर कोणी मरत नाही.

आता तक्रारी. सोबत एक टुर्निकेट 'फ्री' आलं होतं. मी ते स्वतःच्या मांडीवर लावून बघितलं, तिसऱ्या पिळाला प्लास्टिकची दांडी वाकली आणि वेलक्रो सुटला. असलं नकली टुर्निकेट नसलेलं बरं, कारण असल्यावर आपण भरवशावर राहतो. ते आता फक्त शिकवायला वापरतो, अस्सल वेगळं घेतलं, पाउचपेक्षा महाग पडलं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, "सर वह तो गिफ्ट है." घ्या.

आणि हे लय महत्त्वाचं, आपल्याकडे तर जास्तच. ग्रुपात टुर्निकेट दाखवलं की पहिला प्रश्न हमखास येतो, साप चावल्यावर बांधायचं ना? नाही! नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कुठलाही असो, आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ लावायचा आणि जिथे प्रतिसर्पविष आहे अशा दवाखान्यात न्यायचं. टुर्निकेट फक्त हातापायातून थांबत नसलेल्या रक्तासाठी, जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचं, आणि किती वाजता बांधलं ते मार्करने लिहायचं. सैल करत बसायचं नाही, ते डॉक्टर बघतील. एकदा शिकून घ्या कोणाकडून तरी, रेडक्रॉस, सेंट जॉन अँब्युलन्सवाले कोर्स घेतात.

दुसरी तक्रार आपल्या उन्हाची. मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५च्या वर जातो, आणि मी येडा, पाउच गाडीच्या डिकीत विसरलो दुपारभर. चिकटपट्टीचा गोंद कडेने बाहेर, हातमोजे एकमेकांना चिकटलेले. यात पाउचचा दोष नाही, पण काळा रंग घेतला ही माझी चूक, खाकी घ्यायला पाहिजे होता. कॅमोफ्लाजही मिळतो, तो मात्र घेऊ नका, जंगलात वनरक्षकाला उत्तरं देत बसाल.

शिलाईचं म्हणाल तर तिसऱ्या महिन्यात एका टॅबचा टाका उसवला. फुले मार्केटजवळ एक बॅग रिपेअरवाले चाचा आहेत, त्यांनी जाड नायलॉनच्या दोऱ्याने डबल टीप मारून दिली, ३० रुपये, आणि दुसरा टॅबही न सांगता पक्का केला. कंपनीच्या शिलाईपेक्षा चाचांची भारी आहे, पाउच घेतला की आधी तिकडेच न्या.

कामाला आला तो एकदाच. ऑगस्टमध्ये केदारकुंडाकडून परतताना शेवाळावर आमच्या एका पोराचा पाय सटकला, कोपराखाली दगडाने चांगलंच फाडलं. मी उजव्या हाताने त्याची जखम दाबून धरलेली, गॉझ नाही काही नाही, नुसता रुमाल, आणि डाव्या हाताने टॅब ओढला. निघाला एका झटक्यात. टुर्निकेटची गरज पडली नाही, गॉझ भरून प्रेशर बँडेज आवळलं, चाळीसगावला नेऊन सात टाके. पोरगं गाडीत बसल्यावर पहिलं काय बोललं असेल? "डबेवाला, तुन्हा डबामा भाकर नही का?"

पाचपैकी चार देतो, एक कापला तो त्या फुकटच्या टुर्निकेटसाठी. खाकी रंग सध्या आउट ऑफ स्टॉक दाखवतंय, कोणाला दिसला तर कळवा, बाइकसाठी अजून एक घ्यायचाय.