वागळे इस्टेटमधील गॅरेज आणि मोम्बासा ते केपटाउनचा प्रवास

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्यात चालणाऱ्या छोट्या गॅरेजकडून मी माझी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ ही मोटारसायकल लांबच्या प्रवासासाठी तयार करून घेतली. त्यानंतर न्हावा शेवा बंदरातून ती जहाजाने मोम्बासाला पाठवली आणि केनिया, टांझानिया, झांबिया, नामिबिया व दक्षिण आफ्रिका अशा पाच देशांतून केपटाउनपर्यंत गेले. या पाचही देशांत वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे ती एक चिंता नव्हती. सर्व्हिसिंग, सामानाच्या पेट्यांसाठी रॅक, सुटे भाग आणि दोन रविवारांचे दुरुस्तीचे शिक्षण यांचे मिळून मी ४६,००० रुपये दिले, आणि त्यांतील ते दोन रविवार सर्वांत मोलाचे होते असे माझे ठाम मत आहे.

गॅरेजच्या काकांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती की, मागचे चाक स्वतः काढून, ट्यूब बदलून पुन्हा बसवल्याशिवाय ते गाडी माझ्या ताब्यात देणार नाहीत. हिमालयनच्या स्पोकच्या चाकांत ट्यूब असते, म्हणजे पंक्चर झाले की चाक उतरवणे आलेच. टायरची कड रिमवर चढवताना मी लिव्हरवर सगळा जोर लावत होते आणि ट्यूब चिमटून फाडत होते. तेव्हा काकांनी मला चाक जमिनीवर आडवे ठेवून टायरच्या एका बाजूवर दोन्ही गुडघे टेकायला लावले. टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली की समोरच्या बाजूला आपोआप सैलपणा येतो, आणि मग लिव्हर दोन बोटांनी ढकलला तरी पुरतो. नामिबियात सोलिटेअरच्या अलीकडे, आसपास एकही माणूस नसताना, मी नेमके हेच केले आणि तासाभरात पुन्हा रस्त्याला लागले.

रॅकबाबतही त्यांचा सल्ला योग्य ठरला. मला हलके ॲल्युमिनियम हवे होते, पण काकांनी साध्या लोखंडी पाइपचाच आग्रह धरला, कारण ॲल्युमिनियम जोडायला टिग वेल्डिंग लागते आणि लोखंड मात्र कुठल्याही खेड्यातला वेल्डर आर्क वेल्डिंगने जोडून देतो. नामिबियातील कच्च्या रस्त्यांवर पन्हळी पत्र्यासारख्या बारीक लाटा असतात आणि त्यांवरून तासन्‌तास गाडी थरथरत राहते. तिसऱ्या दिवशी डाव्या रॅकचा खालचा जोड तडकला. एका शेतावरच्या वर्कशॉपमध्ये तो पंधरा मिनिटांत जोडून मिळाला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा छोटा संगणक, वेल्डिंगच्या प्रवाहाने जळू नये म्हणून बॅटरीची दोन्ही टर्मिनल आधी काढायची असतात, हे मी वागळे इस्टेटमध्येच शिकले होते. तरीही जोडाला मुळातच आधाराची एक पट्टी द्यायला हवी होती असे मला वाटते, आणि परतल्यावर तसे मी काकांना सांगितले. त्यांनी ते मान्य केले.

गंभीर तक्रार मात्र एकच आहे. गंज लागू नये म्हणून गॅरेजमधील मुलाने हँडलच्या मुळाशी काळा रंग फासला होता आणि चॅसिस नंबर तेथेच कोरलेला असतो. कार्नेट, म्हणजे वाहनाची सीमाशुल्काची वही, हिच्यावर चॅसिस आणि इंजिन नंबर छापलेले असतात आणि तपासणी करणारा अधिकारी ते गाडीवर ताडून पाहतो. न्हावा शेव्याच्या यार्डात, कंटेनर भरायच्या दिवशीच, तो नंबर वाचता येईना. पेट्रोलमध्ये भिजवलेला चिंध्यांचा बोळा आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन मी दोन तास भर उन्हात एकेक अंक उघडा करत बसले होते. एजंट घड्याळाकडे पाहत होता आणि मला रडू येत होते. परदेशासाठी गाडी तयार करून देणाऱ्याने नंबरची जागा रंगापासून, स्टिकरपासून आणि वायरिंगच्या गुंडाळ्यांपासून मोकळी ठेवली पाहिजे. ही चूक क्षुल्लक नाही, कारण त्या दिवशी कंटेनर चुकला असता तर पुढच्या सगळ्या तारखा बिघडल्या असत्या.

सुटे भाग जरा जास्तच बांधून दिले होते. क्लच व ॲक्सिलरेटरच्या केबल, ट्यूब, चेनची जोडकडी आणि एअर फिल्टर एवढे उपयोगी पडले. ब्रेक पॅडचे दोन संच आणि क्लच प्लेटा मी जशाच्या तशा परत आणल्या. टांझानियातील लाल धुळीने मात्र फिल्टर ठरल्याच्या निम्म्या अंतरातच भरला, त्यामुळे कच्च्या रस्त्याने जाणाऱ्याने दोन फिल्टर घ्यावेत.

काका दोन रविवार शिकवायला वेळ देतात, पण त्यासाठी किमान दीड महिना आधी सांगावे लागते, आणि पावसाळ्याआधी त्यांच्याकडे नेहमीच्या ग्राहकांची गर्दी असल्यामुळे मे महिन्यात जाऊ नये. गाडी ताब्यात घेताना टॉर्च घेऊन हँडलच्या मुळाशी स्वतः नजर टाकावी आणि नंबरचा फोटो तेथेच काढून ठेवावा.