दोऱ्यांची मच्छरदाणी की स्प्रिंगची? सकाळी आवरायची कशी, ते आधी बघा

मच्छरदाणी घेताना आपण लांबी-रुंदी बघतो, जाळी किती बारीक आहे ते बघतो, भाव करतो. सकाळी उठल्यावर ती आवरायची कोणी आणि ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र घरी आणल्यावर पडतो. खरं तर मच्छरदाणी वापरात राहणार की माळ्यावर जाणार, हे त्यावरच ठरतं. रोज आवरताना वैताग यायला लागला की माणसं थोड्याच दिवसांत पुन्हा कॉइलवर आणि लिक्विडवर येतात. म्हणून दोन्ही प्रकार मी आवरण्याच्या बाजूने तपासते आहे.

एक म्हणजे चार कोपऱ्यांना नाड्या असलेली, खिळ्यांना किंवा पलंगाच्या दांड्यांना बांधायची चौकोनी मच्छरदाणी. दुसरी तारेच्या सांगाड्याची, पिशवीतून काढली की आपोआप तंबूसारखी उभी राहणारी. हिला कोणी स्प्रिंगची म्हणतं, कोणी घडीची. गंमत म्हणजे घडी घालायला अवघड तीच.

घरात पलंग कायमचा मांडलेला असेल, तर माझं मत सरळ दोऱ्यांच्या बाजूने आहे. कारण तिची रोज घडी घालावीच लागत नाही. सकाळी गादीखाली खोचलेली कड बाहेर काढायची, झटकायची आणि चारही बाजू वर गुंडाळून मच्छरदाणीच्याच छतावर टाकायच्या. बरेच जण सगळी जाळी मधोमध गोळा करून गाठ मारतात. ते टाळावं. गाठीपाशी रोज तोच ताण येऊन जाळी विरते. शिवाय त्या लोंबत्या गाठोड्याच्या चुण्यांमध्ये काळोख असतो, वारा लागत नाही आणि डासांना दिवसा बसायला नेमकी अशीच जागा हवी असते. घट्ट गुंडाळलेल्या जाळीत त्यांना शिरायला वाव कमी. तरीही संध्याकाळी खाली सोडताना एकदा झटकावीच, आणि अंधार पडायच्या आत कड गादीखाली खोचून टाकावी. म्हणजे आत डास अडकून रात्रभर कानाशी गुणगुणत नाही.

तिची खरी घडी घालायची वेळ येते ती धुतल्यावर किंवा मोसम संपल्यावर. दोघं असतील तर प्रश्न नाही. एकट्याने घालायची असेल तर एक सोपी युक्ती आहे: चारही कोपऱ्यांच्या नाड्या एकाच खिळ्याला अडकवा. छताची आपोआप चौघडी होते आणि चारही बाजू खाली एकावर एक सरळ लोंबतात. मग खालची कड धरून वर वर घडी घालत न्यायची. शेवटी नाड्या खिळ्यावरून काढून प्रत्येकीचं बोटांवर छोटं वेटोळं करायचं आणि सुटी गाठ मारायची. हे शेवटचं काम कंटाळा करून सोडू नका. पुढच्या पावसाळ्यात चार नाड्यांचा गुंता सोडवण्यात जो वेळ जातो, तो इथेच वाचतो. पॉलिएस्टरची डबलबेडची मच्छरदाणी अशी घातली की उशीच्या अभ्र्यात सहज मावते. सुती थोडी फुगीर राहते, पण कपाटाच्या एका खणाचं काम.

स्प्रिंगच्या मच्छरदाणीचा मोठा गुण असा की भिंतीला खिळा लागत नाही. भाड्याच्या घरात मालक खिळे ठोकू देत नाही, नव्या इमारतीत काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा शिरत नाही. शिवाय ज्या घरात रात्री खाली गाद्या पडतात आणि सकाळी उचलल्या जातात, तिथे चार कोपऱ्यांना रोज नाड्या बांधत बसणं कोणाला जमणार? अशा घरात ही मच्छरदाणी सोयीची आहे, यात वाद नाही.

तिची घडी मात्र शिकावी लागते. तारेचं बंद कडं दुमडायचं तर त्याची सरळ दोन वेटोळी होत नाहीत, तीन होतात. सुतारकामाच्या कारखान्यात पट्टीच्या करवतीचं लांब गोल पातं तीन कड्यांत गुंडाळून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. ताकदीपेक्षा मनगटाचा पीळ महत्त्वाचा. आधी चेन लावून घ्या. समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकत्र आणा, म्हणजे तंबू सपाट होऊन लांबट कडं तयार होतं. ते जमिनीवर उभं धरा, वरचं टोक खाली वाकवा आणि वाकवतानाच दोन्ही हात एकमेकांकडे आत वळवा. इथे कडं स्वतःहून पीळ घेऊन इंग्रजी आठच्या आकड्यासारखं होऊ लागतं. त्याला तसं होऊ द्या. मग एक वेटोळं दुसऱ्यावर सरकवा, उरलेलं त्यांच्यावर बसवा आणि लगेच पट्टा अडकवा किंवा पिशवीत घाला.

हात आत न वळवता नुसती दाबली, तर तार एका जागी कायमची वाकते. मग मच्छरदाणी एका अंगाला कलते, तो भाग अंगाला टेकतो आणि जाळी अंगाला टेकली की डास बाहेरूनच चावतो. वाईट म्हणजे जिथे तारेची दोन टोकं नळीत जोडलेली असतात, तो जोड निसटतो आणि टोक कापडाची पट्टी फाडून बाहेर येतं. लहान मुलांच्या घरात हे धोक्याचं आहे. उघडतानाही तोंडासमोर धरून पिशवी काढू नये. तार झटक्यात सुटते आणि डोळ्याला लागू शकते. हात लांब करून, मुलांना बाजूला घेऊन उघडावी.

जागेचंही तसंच. घडी घातलेली सिंगलची मच्छरदाणी दाराच्या मागे टांगता येते. डबलबेडची मात्र मोठ्या परातीएवढी किंवा त्याहून मोठी गोल चकती होते. कपाटाच्या खणात ती जात नाही, तर कपाटामागे किंवा पलंगाखाली उभी-आडवी ठेवावी लागते. तिच्यावर जड सामान ठेवू नका. बुड कापडाचं असलेली असेल तर घडीआधी आतली धूळ, केस, खाऊचे कण झटकून काढा. खाण्याचा वास राहिला की मुंग्या आणि झुरळं येतात, आणि त्यांच्या मागे उंदीर. एका रात्रीत जाळीला भोक पडतं.

वयस्कर माणूस एकटं राहत असेल, तर डबलबेडची स्प्रिंगची मच्छरदाणी घेऊन देऊ नका. खांदे दुखतात, हात वर जात नाहीत, ती घडी एकट्याने होत नाही. ती मग दिवसभर तशीच उभी राहते किंवा वापरणंच बंद होतं. त्यांच्यासाठी खिळे ठोकून घ्या, नाड्यांऐवजी हुक लावा आणि बांधलेलीच राहू द्या.

तान्ह्या बाळासाठी छत्रीसारखी मिटणारी छोटी मच्छरदाणी मिळते. तिच्या घडीची कटकट नाही. बाळाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. हिवताप पसरवणारा ॲनोफिलीस डास रात्री चावतो, पण डेंग्यूचा एडिस दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी चावतो. सकाळी सगळ्या मच्छरदाण्या आवरल्या आणि बाळ अकरा वाजता उघड्यावर झोपलं, तर डेंग्यूच्या दृष्टीने ते उघडंच. छत्रीची किंवा सिंगल स्प्रिंगची इथे उपयोगी पडते, कारण ती क्षणात उघडून कुठेही ठेवता येते.

कीटकनाशकभारित मच्छरदाणीचा हिशेब वेगळा आहे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात आरोग्य खात्याकडून अशा मच्छरदाण्या वाटल्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार त्यांचा परिणाम किमान 20 धुण्यांपर्यंत आणि 3 वर्षांच्या वापरापर्यंत टिकायला हवा. पण ऊन लागलं की औषध उतरतं. म्हणून सौम्य साबणाने धुवायची, सावलीत वाळवायची आणि दिवसा खिडकीतून थेट ऊन येत असेल तर गुंडाळून वर बांधायची. सोडून ठेवू नये. धुण्याच्या पावडरीत भिजत घालणं म्हणजे औषध गटारात सोडणं. ते पाणी विहिरीत किंवा ओढ्यातही ओतू नये, माशांना ते घातक असतं.

ठेवणीचं सांगायचं तर कोकणात आणि गोव्यात दोन्ही प्रकारांचा शत्रू एकच, ओल. किंचित दमट मच्छरदाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली की काळे ठिपके पडतात आणि कुबट वास धुऊनही जात नाही. सुती अभ्रा किंवा जुन्या साडीचा तुकडा यात बांधणं चांगलं, हवा खेळती राहते. स्प्रिंगवाल्या मच्छरदाणीच्या तारेला दमट हवेत गंज चढतो आणि जाळीवर तांबूस डाग उठतात, म्हणून समुद्रकाठच्या घरात तिचं आयुष्य कमीच धरावं. डांबराच्या गोळ्या मात्र घालू नका. आपण रात्रभर त्याच जाळीत श्वास घेतो. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे फुटू शकतात आणि कावीळ बळावते. वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरतो. बाहेर काढल्यावर जाळी उजेडासमोर धरून भोकं बघावीत आणि तिथल्या तिथे दोन टाके घालावेत.

स्प्रिंगची घ्यायचं ठरलंच असेल, तर दुकानदाराला आधी घडी घालून दाखवायला सांगा. मग घरी जी व्यक्ती रोज आवरणार आहे तिने, विक्रेत्याची मदत न घेता, तिथेच एकदा घालून बघावी. ऑनलाइन मागवली असेल तर हे परत करण्याची मुदत संपायच्या आत करा आणि तोपर्यंत खोकं फेकू नका.