अम्मूच्या नावावर काय होतं?

मी दस्तलेखक आहे. खरेदीखत, बक्षीसपत्र, भाडेकरार सगळं करते, पण सव्वीस वर्षांत माझ्या हातून सगळ्यात जास्त झाली ती हक्कसोडपत्रं. बहिणी येतात, बापाच्या जमिनीतला हिस्सा भावाला सोडतात, फोटो काढतात, अंगठा देतात आणि एसटी चुकेल म्हणून घाईने निघतात. अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’ ही कादंबरी मी प्रेमकथा म्हणून हातात घेतली होती. दुसऱ्याच प्रकरणात ती थेट माझ्या टेबलावर येऊन बसली.

गोष्ट केरळातल्या अयमेनमची, मुख्य काळ १९६९. सीरियन ख्रिश्चन, म्हणजे केरळातल्या जुन्या ख्रिस्ती समाजातल्या घरातली अम्मू दारुड्या नवऱ्याला सोडून जुळ्या मुलांसह माहेरी परत येते. घरात लोणच्या-मुरंब्यांचा कारखाना आहे, आईने उभा केलेला. भाऊ चाको ऑक्सफर्डहून शिकून येतो आणि कारखाना हातात घेतो. अम्मू त्याच्याइतकंच राबते, तरी बाहेरच्या माणसांसमोर चाकोच्या तोंडी ‘माझा कारखाना, माझे अननस, माझी लोणची’. अम्मूला ‘लोकस स्टँडाय’ नाही, म्हणजे मालमत्तेत दावा सांगायचा अधिकारच नाही, हे मुलांच्या कानावर पडतं. मुलांना त्यात ‘लोकस्ट्स’ ऐकू येतात, म्हणजे टोळ! मी तो शब्द दाव्याच्या कागदांत इतक्या वेळा वाचलाय, पण पोरांच्या तोंडी ऐकून पुस्तक मिटलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले.

लेखिकेने हे हवेतून आणलेलं नाही. त्रावणकोरच्या ख्रिश्चनांसाठी १९१६ चा वारसा कायदा होता. मृत्युपत्र नसेल तर मुलीला मुलाच्या हिश्शाचा पाव भाग किंवा पाच हजार रुपये, यात जे कमी असेल ते. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला १९८६ मध्ये, आणि तो लढा लढणाऱ्या मेरी रॉय या लेखिकेच्या आई. आपल्याकडे महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा राज्याच्या कायद्याने १९९४ ला मिळाला, देशभर २००५ ला. तरी माझ्यासमोरची रांग हटलेली नाही. साडी-चोळीवर आजही सह्या होतात.

म्हणून अम्मू आणि वेलुता यांचं प्रेम मला घराच्या मालकीपासून वेगळं काढताच येत नाही. वेलुता परवन, अस्पृश्य मानलेल्या जातीचा. हाताचा पक्का सुतार. त्याच्याविना कारखान्यातलं यंत्र चालत नाही, आणि तो घरात आलेला कुणाला चालत नाही. परवनांना एकेकाळी आपल्या पावलांचे ठसे झाडूने पुसत मागे सरकावं लागे, असं अम्मूची आई मम्माची सांगते. तिथे मराठी वाचकाला वेगळं समजावायची गरज नाही. पुण्यात पेशवाईतल्या कमरेच्या झाडूबद्दल आंबेडकरांनी लिहून ठेवलंय. एक तपशील मात्र डोक्यातून जात नाही. लहानपणी वेलुता अम्मूसाठी इवल्याशा पवनचक्क्या, डब्या करून आणायचा आणि उघड्या तळहातावर धरायचा, तिने त्याला न शिवता उचलाव्यात म्हणून. पुढे जे घडतं ते सगळं मला त्या तळहातावर ठेवलेलं दिसतं.

चाकोही घटस्फोटित. पण त्याच्या खोलीला आईने वेगळा दरवाजा काढून दिलाय, त्याच्याकडे येणाऱ्या कारखान्यातल्या बायकांना घरातून जावं लागू नये म्हणून. पुरुषाच्या गरजा म्हणून त्याला माफी. अम्मूचं प्रेम कळताच तिला मात्र खोलीत कोंडतात. अम्मूची आत्या बेबी कोचम्मा वेलुताविरुद्ध खोटी तक्रार देते, वेलुता पोलिसांच्या माराने मरतो, अम्मूला घराबाहेर काढतात आणि एकतिसाव्या वर्षी ती एका लॉजमध्ये एकटी मरते. शेवट सांगून टाकला असं वाटेल, पण लेखिका स्वतःच हे सुरुवातीला सांगते. काय झालं हे ठाऊक असताना कसं झालं ते वाचत जायचं, अशीच बांधणी आहे.

सगळ्यात जास्त हललं ते वेलुताचा बाप वेल्ल्या पापेन पावसात मालकिणीच्या दारात येतो तिथे. मुलाची चुगली करायला येतो, आपल्या हाताने त्याला मारायची तयारी दाखवतो, आणि तिने पैसे देऊन बसवलेला काचेचा डोळा परत करायला निघतो. जात माणसाच्या आत कुठवर शिरते हे इतक्या जवळून मी आणखी कुठे वाचलेलं नाही.

आता खटकलेलं. वेलुता स्वतः फार कमी बोलतो. आपल्याकडच्या दलित आत्मकथनांनी आतला आवाज ऐकवलाय, त्यामुळे त्याच्या मनातलं त्याच्याच तोंडून यावं असं सारखं वाटत राहिलं. इंग्रजी शब्दांचे खेळ, मध्येच मोठी अक्षरं, तीच वाक्यं फिरून येणं, हे शंभरेक पानांनंतर दमवतं. मोठेपणी त्या जुळ्यांचं जे होतं ते मला अजून पचलेलं नाही.

१९९७ ला बुकर मिळालं म्हणून घ्यायला जाल तर पहिलं प्रकरण जड जाईल. काळ सारखा मागेपुढे होतो, नावं गोंधळात टाकतात. मी एका चिठ्ठीवर नाती लिहून पानात ठेवली होती, तुम्हीही ठेवा.

शेवटच्या प्रकरणावरून केरळात अश्लीलतेचा खटला झाला होता. मला त्यात काहीच अश्लील दिसलं नाही. नदीकाठच्या तेरा रात्री आहेत. मोठं काही बोलायची दोघांना सोय नाही, म्हणून ती एका इवल्याशा कोळी-किड्याची काळजी करत बसतात. निघताना एकच वचन, ‘नाळे’. मल्याळममध्ये उद्या. कादंबरी त्याच शब्दावर थांबते, आणि तोवर आपल्याला उद्याचं सगळं माहीत झालेलं असतं.