शिवाजी पार्कवरील सरांचे नेट

माझ्या मुलाच्या शाळेचे क्रीडाशिक्षक शिवाजी पार्कवर क्रिकेटचे नेट चालवतात. वयाची ५८ वर्षे पूर्ण होऊन ते लवकरच निवृत्त होत असल्याने हा अभिप्राय आताच लिहीत आहे. फलंदाजाचा पुढचा पाय चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नसेल, तर सर खेळपट्टीवर चुन्याची खूण करतात आणि पाय नेमका तिथे पडेपर्यंत, न रागावता, तसाच चेंडू हाताने टाकत राहतात. १९८८ साली हॅरिस शील्ड या मुंबईतील शालेय क्रिकेट स्पर्धेत सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी केलेल्या ६६४ धावांच्या अभेद्य भागीदारीचा दाखला ते देतात, तो चिकाटीसाठी. शुल्क माफक आहे. पावसाळ्यात मात्र सराव फार खंडित होतो. शाळेने नव्या प्रशिक्षकाला सरांच्या हाताखाली आत्ताच रुजू करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.