लोहारासमोर बसून घडवलेला की मेसेजवर मागवलेला? रोजच्या छोट्या चाकूचा हिशेब

माझ्याकडे सध्या हाताने घडवलेले दोन छोटे चाकू वापरात आहेत. दोन्हीचं पातं साधारण ३ इंचांचं. एक रस्त्याकडेला पाल ठोकलेल्या घिसाडी, म्हणजे फिरत्या लोहार, नवरा-बायकोने माझ्यासमोर घडवला. त्याला पाऊण तास लागला आणि ३०० रुपये पडले. दुसरा फक्त चाकूच बनवणाऱ्या एका कारागिराकडून, फोटो बघून आणि मेसेजवर बोलून मागवला. त्याचे ३,५०० रुपये झाले, शिवाय ११ आठवडे वाट बघितली. घरी आलेला माणूस दोन्ही हातात घेतो, अंगठ्याने धार चाचपतो आणि विचारतो, "मग मी कुठला करून घेऊ?"

आधी काम कोणतं ते ठरवू. पार्सलची टेप, सुतळी, पेरू-काकडी, ट्रेकला गेल्यावर कांदा-टोमॅटो, कुंडीतली एखादी फांदी, मुलाची पेन्सिल, एवढ्यासाठीचा हा चाकू. भाजीचा ढीग पडला की घरात विळी आहे, आणि शहाळ्यासाठी कोयता आहे. ही तिन्ही कामं एकाच पात्याला सांगणाऱ्याने पुढचं वाचलं नाही तरी चालेल, त्याला कुणाचाच चाकू पुरणार नाही.

लोखंड कुठलं, यापेक्षा पाणी कुणी दिलं

चाकूचा शौक नवा असला की माणूस पहिल्यांदा पोलादाचं नाव विचारतो. मीही विचारायचो. लोहाराकडे याचं उत्तर एकच असतं: "पाट्याचं आहे." म्हणजे ट्रक किंवा जीपच्या कमानीचा पाटा. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. चिवट, मार खाणारं पोलाद. मेसेजवाल्या कारागिराकडे यादी असते: बेअरिंगचं पोलाद, ज्यात सुमारे १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम, मग डी-२ नावाचं पोलाद, ज्यात दीड टक्का कार्बन आणि १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, आणि स्टेनलेसचे दोन-चार प्रकार. कागदावर ही सगळी पाट्याला मागे टाकतात. पण पाणी नीट दिलेला, म्हणजे तापवून झटकन थंड करून नीट कडक केलेला, पाट्याचा चाकू पाणी बिघडलेल्या डी-२पेक्षा कधीही बरा. ३ इंचांच्या पात्याला तर नक्कीच.

हे पाणी देणं डोळ्यांनी बघायचं असेल तर लोहारासमोर उकिडवं बसायला हवं. माझ्या चाकूच्या वेळी दादा सांडशीने तुकडा ऐरणीवर धरत होते आणि मावशी घण मारत होत्या. दादांनी लहान हातोडीने जिथे टिचकी मारली, तिथेच मावशींचा पुढचा घण पडायचा. तोंडाने कुणीच काही बोलत नव्हतं. पातं आकाराला आल्यावर कानशीने घासून झालं, मग परत कोळशात गेलं. लालबुंद झाल्यावर त्यांनी फक्त धारेची कड, जेमतेम बोटभर, पाण्यात बुडवली. पाठ तशीच तापलेली ठेवली. लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यावर घासून कड चकचकीत केली आणि बघत बसले. पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकते तसे त्या चकचकीत पट्टीवर रंग धावतात: आधी फिकट पिवळा, मग गव्हाळ, तपकिरी, जांभळा, निळा. गव्हाळ रंग धारेला टेकला त्या क्षणी दादांनी अख्खा चाकू पाण्यात सोडला. निळ्यापर्यंत थांबले असते तर धार मऊ पडली असती. रंग धावू न देता सोडला असता, तर दगडावर आपटताच टवका गेला असता.

मेसेजवाला हेच काम यंत्रावर करतो. विजेची भट्टी, तापमान दाखवणारा आकडा, पाण्याऐवजी तेल, आणि मग २०० अंशांच्या आसपास दोन तास ओव्हनमध्ये. साध्या पोलादाचं चुंबकत्व ७७० अंशांजवळ जातं, म्हणून भट्टी नसलेले काही जण चुंबक लावून बघतात. तो चिकटेनासा झाला की थोडं आणखी तापवून तेलात. जमलं तर कडकपणा रॉकवेलच्या मापावर ५८ ते ६० येतो, आणि दहा चाकू केले तर दहाही सारखेच निघतात. लोहाराच्या बाबतीत ही खात्री नाही. ऊन कडक असेल तर लोखंडाचा लाल रंग डोळ्याला फिका दिसतो आणि पातं गरजेपेक्षा जास्त तापतं. सावलीतलं काम जास्त भरवशाचं, हे मला दादांनीच सांगितलं.

मग लोहाराच्या मालाची परीक्षा कशी करायची? जुनी पण दात शाबूत असलेली कानस घेऊन जा आणि धारेच्या कडेवर हलकी फिरवा. घसरली तर पाणी लागलं आहे. चावली, लोखंडाचा कीस निघाला, तर परत भट्टीत. घरी आल्यावर पितळेच्या गोल सळईवर धार थोडी कलती धरून दाबा. कड किंचित वाकून जागेवर आली पाहिजे. वाकलेली राहिली तर मऊ, टवका उडाला तर पाणी जास्त. मागवलेल्या चाकूलाही हीच परीक्षा लावा, नाव मोठं म्हणून सूट देऊ नका.

आणखी एक. लोहाराला आधीच सांगा, "पाट्याचा करा, सळईचा नको." बांधकामाच्या सळईत कार्बन फार कमी असतो, तिला कितीही पाणी दिलं तरी ती धार धरत नाही. आपला पाटा घेऊन जात असाल तर भंगारातला तुटका टाळा. ज्याची कमान तुटली त्यात अजून बारीक भेगा दडलेल्या असू शकतात आणि त्या पाण्यात पडल्यावरच तोंड उघडतात.

जाडी

फसगत होते ती इथे, आणि दोन्हीकडे होते.

हा मेसेजवाला मला मिळाला त्याआधी मी एका दुसऱ्या कारागिराकडून चाकू मागवला होता. फोटो बघून जीव जडला होता: काळं पातं, पितळेच्या खुंट्या, शिसवी मूठ. हातात आला तेव्हा पाठीची जाडी साडेचार मिलिमीटर. त्याने बटाटा कापला जात नाही, तडकतो. पेरूचे तर दोन तुकडे होऊन एक थेट गॅसखाली. पातं पाचर झालं होतं. पोलाद उत्तम, पाणी उत्तम आणि काम शून्य. आता तो रंगाच्या डब्यांची झाकणं उघडतो.

चूक त्याची निम्मी, माझी निम्मी. मी त्याला "दणकट पाहिजे" असं लिहिलं होतं. रोजच्या चाकूला पाठ २ ते अडीच मिलिमीटर पुष्कळ झाली, आणि धारेच्या अगदी मागे त्याहून कितीतरी कमी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. हे आकडे ऑर्डरमध्ये लिहून द्यावे लागतात. लोहार आकडे विचारत नाही. त्याच्याकडे पाटाच ६ ते १० मिलिमीटरचा असतो आणि तो ठोकून ३ वर आणला की त्याला वाटतं झालं. पण तुम्ही समोर बसलेले असता. "दादा, अजून पातळ, कांदा कापायचाय," म्हटलं की कपाळाला आठ्या घालून का होईना, तुकडा परत भट्टीत जातो. मला दोनदा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, "कांदाच कापायचा तर एवढा चाकू कशाला करता हो?" उत्तर नव्हतं.

मूठ, पाऊस आणि गंज

लोहाराची मूठ म्हणजे पात्याचं शेपूट तापवून बाभळीच्या दांडक्यात ठोकलेलं आणि तोंडाशी लोखंडी शेंबी, म्हणजे कडं. पहिले सहा महिने छान. मग सैल होते. मी लाख वितळवून भोकात ओतली, परत ठोकली, अजून टिकली आहे. मागवलेल्या चाकूचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं, दोन्ही बाजूंना शिसमाच्या फळ्या, मध्ये खुंट्या आणि डिंकाऐवजी इपॉक्सी. हातात घेतला की फरक लगेच कळतो. ३,५०० रुपयांतले निम्मे तरी मुठीचे आहेत असं मी समजतो. तरी पहिल्याच जुलैत एका बाजूची फळी फुगून पोलादापासून केसभर सुटली. कारागिराला फोटो पाठवला, त्याने न कुरकुरता बदलून दिली. जायचं कुरिअर माझं, यायचं त्याचं, आणि तीन आठवडे चाकू घरात नाही. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर लाकडाचा हट्ट सोडा. कापड आणि राळ दाबून केलेली मायकार्टाची मूठ मागा. दिसायला रुक्ष असते, पण पाऊस तिला काही करत नाही.

गंजाच्या बाबतीत पाटा आणि बेअरिंगचं पोलाद सारखेच. लिंबू कापून ओट्यावर ठेवला की दहा मिनिटांत काळे-निळे डाग. ते डाग गंज नव्हेत, राहू द्या, उलट पुढच्या गंजाला थोडा अटकाव करतात. तांबूस दिसलं तर तो गंज, लगेच घासा. धुऊन, पुसून, खोबरेलाचं बोट फिरवणं एवढंच काम, पण ते घरातल्या प्रत्येकाने केलं पाहिजे. आमच्याकडे होत नाही. तुमच्याकडेही होणार नसेल तर निर्णय तिथेच झाला: स्टेनलेस मागवा, लोहाराकडे जाऊ नका. डी-२ला लोक स्टेनलेस समजतात, ते पुरतं तसं नाही. लिंबाचा डाग त्यालाही पडतो, फक्त सावकाश.

धार गेल्यावर

लोहाराचा चाकू लवकर बोथट होतो आणि त्याला धारही पटकन लागते. कडप्प्याच्या तुकड्यावर पाणी टाकून दहा-बारा हात मारले की टोमॅटोची साल पुन्हा निघते. काहीच नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत कड असते तिच्यावरही भागतं. मागवलेला माझा बेअरिंगच्या पोलादाचा आहे, दोन-अडीच महिने बघावं लागत नाही. पण एकदा धार गेली की कडप्पा पुरत नाही, १००० नंबरचा दगड आणि अर्धा तास हवा. डी-२ याहून हट्टी.

दोन्हींसाठी एक पथ्य. सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नका. विळी-कात्रीला तो ठीक. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात, पातळ कड क्षणात निळी पडते आणि भट्टीत मिळवलेलं सगळं पाणी तिथे उतरतं.

कायदा, थोडक्यात

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारं वगळली आहेत. आपला ३ इंची त्यात बसत नाही. म्हणून तो खिशात घेऊन कुठेही फिरावं असं नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतात तेव्हा हत्यार बाळगून फिरणं अंगाशी येतं, आणि अशा वेळी पोलीस पातं मोजत बसणार नाहीत. विमानात केबिनच्या बॅगेत तर मुळीच नको.

मग कुणी काय करावं

पहिलाच हाताने घडवलेला चाकू असेल तर लोहाराकडे जा. ३०० रुपयांत तुम्हाला कळतं की आपल्याला पातं केवढं लागतं, मूठ किती जाड, आणि आपण पुसून ठेवणारे आहोत का. बाजाराच्या दिवशी सकाळी लवकर गाठा. दुपारनंतर खुरप्या-कोयत्यांची रांग असते आणि तुमचा नाजूक चाकू घाईत उरकला जातो. माझ्या चाकूची धार पहिल्या आठवड्यात नारळाची शेंडी काढताना दुमडली होती. पुढच्या बाजारी नेला, दादांनी परत पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. वर म्हणाले, "शेंडीला कोयता घ्या." मात्र ही सोय त्यांचं पाल उभं आहे तोवरच. पाल उठलं की पत्ता नाही.

मागवायचा असेल तर जुन्या चाकूवरून आलेल्या मोजमापांसह मागवा. मुठीची लांबी आपल्या तळव्यावरून, माझी ४ इंचांची निघाली. कारागिराला नव्या चाकूंचे फोटो मागू नका, ते सगळेच देखणे असतात. वर्षभर वापरलेला स्वतःचा चाकू दाखव म्हणावं. जो दाखवतो त्याच्याकडे निम्मी आगाऊ रक्कम द्यायला हरकत नाही. माझ्याने दाखवला होता, धारेला दोन बारीक टवके होते आणि ते कशाने गेले हेही त्याने सांगितलं. त्याने दिलेली तारीख मात्र दीडपट धरा.

आमच्या घरात फळांच्या टोपलीत मागवलेला असतो आणि मागच्या दारी, सुतळीच्या गुंडाळीजवळ, लोहाराचा. त्याची शेंबी परत हलायला लागली आहे. दिवाळीनंतर पालं परत पडतात, तोवर लाखेवर काढायचं.