मेट्रोखालचा रस्ता: खांबांवर उभी बाग, दुभाजकात झुडपे की पदपथावर झाडे?

मेट्रोचे काम संपून रस्ता पुन्हा नीट करण्याची वेळ आली, की हिरवाईसाठी राखलेली रक्कम कुठे लावायची, हा प्रश्न प्रभाग कार्यालयापासून आसपासच्या गृहनिर्माण संस्थांपर्यंत सगळ्यांसमोर येतो. मुंबईतल्या न्यू लिंक रोडसारखा रस्ता डोळ्यांसमोर ठेवला तर पर्याय तीन आहेत: खांबांवर उभी बाग (म्हणजे खांबाच्या अंगावरच बसवलेली रोपे), खांबांमधल्या दुभाजकात झुडपे, किंवा पदपथांवर सावलीची झाडे. आराखड्याच्या चित्रात तिन्ही सारखीच हिरवी दिसतात; म्हणून मुळांना माती किती मिळणार आणि पाणी कोण घालणार, हे आधी विचारावे.

उभ्या बागेला जमीन जवळजवळ लागत नाही आणि ती लावल्याबरोबर दिसते, हे तिचे खरे बळ आहे. मात्र प्रत्येक रोप मूठभर कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, जगते आणि वर मेट्रोचा पूल असल्यामुळे, वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या शहरातही, त्याच्यावर थेट पाऊस पडत नाही. ठिबकचा पंप मे महिन्यात चार दिवस बंद पडला तर रांगच्या रांग वाळते. शिवाय खांबाचा पृष्ठभाग झाकला गेल्याने त्याची पाहणी अवघड होते. पाण्याची आणि माणसांची कायमची सोय असलेल्या एखाद-दुसऱ्या स्थानकापुरती ती ठेवावी. संपूर्ण मार्गासाठी मी ती सुचवणार नाही.

दुभाजकातील पट्टा स्वस्त पडतो, समोरच्या गाड्यांच्या दिव्यांची तिरीप अडवतो आणि त्यात माती सलग मिळते. इथे नेहमीची चूक वनस्पतींच्या निवडीत होते. बोगनवेल आणि कण्हेर भर उन्हाची झाडे आहेत. पुलाच्या सावलीत ती वाढली तरी फुलत नाहीत. तिथे सिंगोनियम, स्पायडर लिली अशी सावली सोसणारी रोपे हवीत आणि रस्ता ओलांडण्याच्या जागांजवळ ती गुडघ्याखालीच राहावीत, म्हणजे झुडपामागे उभे असलेले मूल चालकाला दिसेल. पुलाखालची जागा पुरेशी रुंद असेल तर झुडपांपलीकडेही जाता येते: माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखाली, जिथे गाड्या आणि कचरा साचत होता, तिथे रहिवाशांच्या पाठपुराव्यामुळे 2016 साली नानालाल मेहता उद्यान झाले आणि लोकांना चालायला सुमारे 600 मीटर लांबीची जागा मिळाली. साध्या दुभाजकाचा मात्र बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच उपयोग नसतो.

त्याला उपयोग होतो तो पदपथावरच्या झाडाचा, आणि माझा कल स्पष्टपणे तिकडेच आहे. अडचण जमिनीखाली आहे. पदपथाच्या पोटात वीज आणि दूरध्वनीच्या केबल, जलवाहिन्या, गॅसची नळी आणि पर्जन्यजलवाहिनी अशी दाटी असते, त्यामुळे झाडाला उरलेल्या जागेत एक लहान चौकोन मिळतो, त्याच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट येते आणि पुढे केबलसाठी चर खणताना मुळेही तोडली जातात. पावसाळ्यात अशी झाडे उन्मळून पडली की दोष झाडाला दिला जातो, हे मला फार खटकते. यावर उपाय असा की सुटे खड्डे न घेता पदपथाच्या कडेने मातीचा सलग चर ठेवावा, वर पाणी झिरपणारी फरसबंदी करावी, आणि सेवावाहिन्यांसाठी दुसऱ्या कडेला स्वतंत्र नलिका टाकाव्यात. हे रस्ता खोदलेला असतानाच शक्य असते. पदपथ अरुंद असून चालण्यासाठी 1.8 मीटर मोकळी रुंदी उरत नसेल, तर हा हट्ट धरू नये. गृहनिर्माण संस्थेच्या कुंपणाच्या आत, भिंतीलगत झाड लावण्याची परवानगी मागावी.

प्रजातींबाबत सांगायचे तर गुलमोहर मूळचा मादागास्करचा आणि पर्जन्यवृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा; दोघांनीही मुंबईला सावली दिली आहे. तरीही नव्या लागवडीत बकुळ, करंज, उंडी आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेली तामण यांना मी आधी घेईन. बकुळ सावकाश वाढते, पण तिची सावली दाट असते आणि ती बारा महिने हिरवी राहते. थांब्याशेजारी तीच हवी.

पैसा एकाच बाजूला पुरणार असेल तर उत्तर-दक्षिण रस्त्याच्या पूर्वेकडचा पदपथ आधी घ्यावा, कारण दुपारनंतर पश्चिमेचे ऊन त्याच्यावर येते, तर पश्चिमेकडच्या पदपथाला मागच्या इमारतींची सावली मिळते. काम मार्च-एप्रिलमध्ये हस्तांतरित होणार असले, तरी लागवड जूनचा पाऊस स्थिरावल्यावरच करावी आणि कंत्राटदाराचे देयक तीन उन्हाळे जगलेल्या झाडांच्या संख्येशी बांधावे, ही अट निविदेतच लिहून घ्यावी.